जीपचा ‘कम्प्युटर’ काढला, पॉइंट बसवले

आमची जीप अजून पेट्रोलवर आहे. माजलगाव भागातल्या बहुतेक जीपांना लोकांनी कधीच डिझेल इंजिन बसवून घेतलं, पण आप्पांनी हरिकेन नावाचं मूळचं पेट्रोल इंजिन सोडलं नाही. २१९९ सीसी, चार सिलेंडर. हवा-पेट्रोल आत घेणारे (इनटेकचे) वॉल्व्ह वर हेडमध्ये, धूर बाहेर सोडणारे (एक्झॉस्टचे) खाली ब्लॉकमध्ये. हे इंजिन उंच, म्हणून विलीज या अमेरिकन जीप कंपनीनं १९५३ साली सीजे-३बी काढली तेव्हा बॉनेट उंच करावं लागलं. महिंद्राच्या जुन्या जीपांचं ते उंच बॉनेट तिथूनच आलेलं.

काही वर्षांपूर्वी एका गॅरेजवाल्यानं “ॲव्हरेज वाढेल” म्हणून तिचा मूळ डिस्ट्रीब्यूटर (प्रत्येक प्लगला ठिणगीची वीज वाटणारा) आणि कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा) काढून टाकला. त्याजागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलवाला डिस्ट्रीब्यूटर आणि एका छोट्या कारचा कार्बोरेटर आला. त्याला सोलेनॉइड (विजेवर उघडमिट होणारा वॉल्व्ह), व्हॅक्यूमच्या पाच-सहा नळ्या. निम्म्या नळ्यांच्या तोंडात नुसते स्क्रू खोचलेले. मॉड्यूलच्या काळ्या डबीला घरात सगळे ‘कम्प्युटर’ म्हणायचे.

गेल्या मे महिन्यात पाथरीला निघालो आणि ढालेगावच्या पुलाच्या अलीकडे गाडी बंद पडली. सोबत आप्पा, मागं खताच्या गोण्या, ऊन डोक्यावर. एक प्लग काढून वायरला लावला, बॉडीला टेकवला, आप्पांना सेल्फ मारायला लावला. ठिणगी नाही. पेट्रोल व्यवस्थित येत होतं. मग आप्पांनी गळ्यातला गमचा पाण्यात भिजवून त्या काळ्या डबीवर टाकला. दहा मिनिटांनी ठिणगी आली. सात-आठ किलोमीटर गेलो की पुन्हा तेच. डबी तापली की मेली, गार झाली की जिवंत. अशी वस्तू उघडून बघताही येत नाही आणि आमच्याकडं कुणी दुरुस्तही करत नाही. त्याच रात्री ठरवलं, सगळं मूळच्या साध्या सामानावर आणायचं.

सामान जमवायला दीड महिना गेला. जालन्याच्या भंगारातून पॉइंटवाला डिस्ट्रीब्यूटर मिळाला (पॉइंट म्हणजे उघडमिट होऊन ठिणगी पाडणारी धातूची दोन तोंडं), त्याचा शाफ्ट फार खेळत नव्हता हे महत्त्वाचं. शाफ्ट ढिला असेल तर पॉइंटचा गॅप दर फेरीला बदलतो, मग कितीही सेट करा, मिसिंग (मध्येच ठिणगी चुकणं) जात नाही. सोलेक्सचा एका नळीचा कार्बोरेटर एका जुन्या मिस्त्रींकडं होता. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. “बेटा, पैसे नंतर दे, आधी गाडी चालू कर,” म्हणाले.

पहिली चूक माझीच. पॉइंट आणि त्यांना जळण्यापासून वाचवणारा कंडेन्सर नवे बसवले, पण ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल इलेक्ट्रॉनिकचीच ठेवली. १२ व्होल्टची आहे ना, मग चालेल, असं वाटलं. शंभरेक किलोमीटरमध्ये गाडी धक्के द्यायला लागली. डिस्ट्रीब्यूटरची कॅप काढून पाहिलं तर पॉइंटची तोंडं निळसर काळी पडलेली, एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला टोक. चाचांनी मल्टिमीटर लावायला सांगितलं. कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स ०.७ ओहम. म्हणजे १२ व्होल्टला सतरा अँपिअर त्या बिचाऱ्या पॉइंटमधून! इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल तो करंट स्वतः आवरतं, पॉइंट आवरू शकत नाहीत. तीन ओहमची कॉइल आणली, करंट चारवर आला. हे बदल करणाऱ्यानं सगळ्यात आधी कॉइल मोजावी.

टायमिंगचं, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडावी हे लावायचं काम मला सगळ्यात आवडलं. एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा धरला आणि भाच्याला हँडल फिरवायला लावलं. हवा अंगठ्याला ढकलायला लागली की कॉम्प्रेशन आलं. तिथून हळूहळू, पुलीवरची खूण पिस्टनच्या वरच्या बिंदूच्या ५ अंश आधीच्या रेघेवर. पॉइंटचा गॅप २० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). मग छोट्या बल्बची एक वायर डिस्ट्रीब्यूटरच्या टर्मिनलला, दुसरी अर्थिंगला. पॉइंट मिटलेले असताना बल्ब बंद. डिस्ट्रीब्यूटर इंचभरही नाही, केसभर फिरवला आणि बल्ब लागला. तिथंच बोल्ट आवळला.

तरी गाडी खोकत होती, कार्बोरेटरमधून फटाके. फायरिंग ऑर्डर (सिलेंडर पेटायचा क्रम) १-३-४-२ बरोबर पाठ होती, पण वायरी घड्याळाच्या दिशेनं लावल्या होत्या. डिस्ट्रीब्यूटरमधला हा रोटर उलटा फिरतो. त्यामुळं एक आणि चार जागेवर, दोन आणि तीनची अदलाबदल. दोन वायरी बदलल्या आणि इंजिन असं एकसुरात चाललं की आप्पा ओसरीवरून उठून आले.

कार्बोरेटरला वेळ लागला. या इंजिनाचा इनटेक मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो, त्यामुळं कार्बोरेटर थेट हेडवर बसतो आणि इंजिनाची सगळी उष्णता वर येते. आधीची पत्र्याची प्लेट वाकली होती, तिथून हवा ओढून रेस वर-खाली व्हायची. प्लेट फेकली, कार्बोरेटरचा फेस काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासला, खाली बेकेलाइटचा जाड तुकडा आणि दोन नवे गॅस्केट. दुपारच्या उन्हात पेट्रोलची वाफ होऊन गाडी थांबायची, तेही कमी झालं.

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. आमच्याच भागातल्या उसाचं आहे म्हणून मला त्याचा राग नाही, पण जुन्या रबराला ते फुगवतं. पेट्रोल पंपाचा डायफ्राम आणि सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घेतल्या. टाकीतला जुना मळही सुटून आला, फिल्टर महिन्यात दोनदा बदलला. इथेनॉलमुळं मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं. प्लग पांढरेफटक निघायला लागले, तेव्हा कार्बोरेटरचा पेट्रोल सोडणारा मेन जेट एक नंबर मोठा टाकला. आता प्लग बिस्किटाच्या रंगाचे निघतात. पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या मर्यादेच्या बरंच आत आलं.

एक मात्र सांगतो. आम्ही गाडी तिच्या मूळ रूपावर आणली. कंपनीतूनच इंजेक्शन (पेट्रोल फवारणारी यंत्रणा) आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर घेऊन आलेल्या गाडीला हे करू नये; मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा फेरफाराच्या आड येतं, आणि धूरही वाढतो.

डॅशबोर्डच्या खणात आता तंबाखूच्या जुन्या डबीत एक पॉइंट सेट, एक कंडेन्सर, गॅप मोजायचं फीलर गेज आणि पॉइंट घासायला झिरो पेपरचा तुकडा असतो. चार-पाच महिन्यांनी कॅप उघडतो, पॉइंट पुसतो, गॅप बघतो आणि पॉइंट उघडणाऱ्या कॅमला काडीच्या टोकावर मावेल एवढं ग्रीस लावतो. ते विसरलं तर पॉइंटची फायबरची टाच झिजते, गॅप मिटत जातो आणि टायमिंग मागं पडतं. जास्त लावलं तर ग्रीस उडून पॉइंटवर बसतं.