लोवेल: बॉस्टनजवळचं गिरणगाव

बॉस्टनला मुलांकडे आलेल्या आईवडिलांचं हार्वर्ड, एमआयटी आणि बंदर पहिल्या आठवड्यातच उरकतं. पुढे काय? ज्यांनी लालबाग-परळचे भोंगे ऐकलेत त्यांनी तरी लोवेल गाठावं. नॉर्थ स्टेशनवरून लोवेल लाइनची गाडी साधारण पाऊण तासात पोचवते. स्टेशनापासून जुनं गाव दीडेक किलोमीटर आहे. गुडघे कुरकुरत असतील तर बस घ्या, कारण गावात दिवसभर पायपीटच आहे.

बहुतेक जण थेट बूट मिल या संग्रहालय झालेल्या जुन्या कापडगिरणीतले माग बघायला धावतात. (बूट हे आडनाव आहे, चपलांशी संबंध नाही.) आमचा सल्ला उलटा: आधी पाणी, मग माग. मेरिमॅक नदी इथे पॉटकेट धबधब्यापाशी 32 फूट उतरते. हा उतार चुकवून लाकडाचे तराफे नेता यावेत म्हणून 1796 मध्ये कालवा काढला होता. 1820 च्या दशकात बॉस्टनच्या भांडवलदारांनी तोच कालवा गिरण्यांच्या कामाला लावला आणि पुढे कालव्यांचं जाळं 9 किलोमीटरपर्यंत वाढलं. खरी हुशारी पातळ्यांमध्ये आहे. वरच्या कालव्याचं पाणी एका गिरणीचं चाक फिरवून खालच्या कालव्यात पडायचं आणि तिथून पुढच्या गिरणीच्या चाकावर जायचं. पूर आला की चाकाखालचं पाणी तुंबे आणि चाक मंदावे. टर्बाइन मात्र बुडलं तरी फिरतं, म्हणून 1840 च्या दशकापासून चाकं हटू लागली. इथले मुख्य अभियंते जेम्स फ्रान्सिस यांनी सुधारलेलं टर्बाइन आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. कोयना प्रकल्पाच्या कोळकेवाडी वीजघरात याच जातीची यंत्रं आहेत.

फ्रान्सिस यांनी 1850 मध्ये कालव्याच्या तोंडाशी एक प्रचंड लाकडी दरवाजा टांगून ठेवला. लोक त्याला वेडेपणा म्हणाले. दोनच वर्षांत पूर आला, दरवाजा पेलणारी लोखंडी कडी छिन्नीने तोडली आणि गाव वाचलं. 1936 च्या पुरातही तो पुन्हा कामी आला. बोटीच्या फेरीत हा दरवाजा दिसतो, पण बोटी फक्त उन्हाळ्याच्या हंगामात असतात. वेळापत्रक आधी बघूनच निघा.

आता माग. बूट मिलच्या तळमजल्यावर 88 माग मांडले आहेत. एका वेळी त्यातले मोजकेच चालवतात, तरी पायाखालची फळी थरथरते. दारातच कानात घालायचे बोळे मिळतात, ते नक्की घ्या. मागाजवळ उभं राहून उभ्या ताण्यावरच्या पातळ धातूच्या पट्ट्या बघा. धागा तुटला की त्याची पट्टी खाली पडते आणि माग आपोआप थांबतो. जुन्या धोट्यांचं (धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा) बारीकसं भोकही बघून घ्या. धाग्याची नवी कांडी घातली की त्यातून धागा तोंडाने ओढून काढावा लागे, आणि धोटा एका कामगाराकडून दुसऱ्याकडे जाताना आजारही पसरत. मॅसॅच्युसेट्सने 1911 मध्ये त्यावर बंदी घातली. मुंबईच्या गिरण्यांत याच उष्ट्या धाग्याचं निमित्त करून दलित कामगारांना जास्त पगाराच्या साचेखात्याबाहेर (विणकाम विभागाबाहेर) ठेवलं जाई. 1928 च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता.

शेजारच्या इमारतीत गिरणीतल्या मुलींचं वसतिगृह जतन केलं आहे. ही खरं तर खाणावळच, चालवणारीही बाईच. फरक इतकाच की मुंबईच्या गिरणगावात जेवणारे बाप्ये होते आणि इथे खेड्यांतून आलेल्या तरुण मुली. एका पलंगावर दोघी झोपत. 1834 मध्ये पगार कापले म्हणून आणि 1836 मध्ये खाण्या-राहण्याचे पैसे वाढवले म्हणून त्यांनी काम बंद केलं.

या गिरण्यांना लागणारा कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला असे. 1861 मध्ये यादवी युद्ध पेटल्यावर तो अडला. इथल्या कित्येक गिरण्यांनी साठा विकून दारं लावली, आणि तिकडे मुंबईत कापसाच्या भावाने शेअरबाजार डोक्यावर घेतला. 1865 मध्ये युद्ध संपलं आणि तो बाजार कोसळला.

जुन्या मार्गदर्शिकांत वस्त्रोद्योगाच्या आणखी एका मोठ्या संग्रहालयाचं नाव सापडतं. ते 2016 मध्ये बंद झालं, शोधत फिरू नका. जेवायला कंबोडियन हॉटेल निवडा. या गावात कंबोडियन वस्ती मोठी आहे. शाकाहारी असाल तर मागवण्याआधी माशाच्या सॉसबद्दल विचारा, भाजीतही असतो.