ऊन लागलं की गोचीड ताप?

मार्च उजाडला की हा प्रश्न सुरू होतो आणि पाऊस पडेपर्यंत थांबत नाही. मी पशुवैद्यक आहे. राहते पुण्याच्या हडपसरला, फिरते सोलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांनी: लोणी काळभोर, थेऊर, उरुळी कांचन. "डॉक्टर, दोन्हीतलं एक काय ते सांगा," म्हणतात. "दोन्ही" म्हटलं की माणसाला वाटतं, बाईला निदान जमलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात थेऊरच्या एका गोठ्यात चार वाजता एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय बघायला गेले. वर पत्रा, तोही इतका खाली की वाकून आत जावं लागलं. गाय तोंड उघडं टाकून धापा टाकत होती, रवंथ बंद, ताप १०५. गोठ्याचे मालक, आबा म्हणू, त्यांचा निकाल आधीच लागला होता: "उन्हाचंच आहे ताई, सलाईन लावा." मी खांद्यापुढची गाठ चाचपली. चांगलीच सुजलेली. पापणी उलटून पाहिली तर आत पांढरट. कानाच्या शिरेतून रक्त घेऊन काचेवर पसरलं, आणि त्यात थायलेरिया निघाला, गोचिडातून रक्तात शिरणारा जंतू. म्हणजे गोचीड ताप.

आबा म्हणाले, "पण अंगावर गोचीड कुठंय?" बरोबर आहे, अंगावर फारसे नव्हतेच. हा गोचीड कायम जनावरावर बसून राहत नाही. भिंतीच्या फटींत, गव्हाणीच्या सांध्यात लपतो. उष्णता वाढली की अंड्यापासून मोठा होण्याचं त्याचं चक्र भराभर फिरतं. पण याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. ही गाय आधी एकदा गोचीड तापातून उठलेली होती. बरी झालेली गाय हा जंतू थोड्या प्रमाणात अंगात बाळगूनच असते. एरवी तिची प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. वेत, लांबचा प्रवास, नाहीतर सलग आठवडाभराची होरपळ, यातलं काहीही ते दाबणं सैल करायला पुरतं.

म्हणून मला "उन्हानं की रोगानं" हा प्रश्नच मान्य नाही. थायलेरिया लाल पेशी मारतो, त्यामुळे रक्तातून प्राणवायू कमी पोचतो आणि श्वास आधीच वाढलेला असतो. त्यात अंगातली उष्णता बाहेर टाकायला गाईला आणखी धापा टाकाव्या लागतात. तापामुळे ती चारा टाकते, पाणी कमी पिते. दोन्ही बाजूंनी ती एकाच शक्तीतून खर्च करत असते.

निदानात घोळ होतो तोही इथेच. निरोगी गाईचं तापमान साधारण १०१.५ फॅरनहाइट. पण पत्र्याखालच्या एचएफचं दुपारी चारला १०३ भरतं, काही रोग नसताना. म्हणून मी सगळ्यांना सांगते, माप पहाटे घ्या. रात्रभरात साठलेली उष्णता उतरते, आणि पहाटेही १०४ असेल तर मला लगेच बोलवा. पूर्वी या मापावर डोळे झाकून विसंबता यायचं. आता रात्रीच गार पडल्या नाहीत, तर पहाटेचा आकडाही फसवतो. (पुण्याची हवा गार असते हे अजून सांगणाऱ्यांना मी मे महिन्यात एका गोठ्यात रात्री झोपायला बोलावते.)

उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये बाएफ ही संस्था उभी केली आणि संकरित गाय या पट्ट्याच्या घराघरांत गेली. घरं तिनं चालवली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण दुधाबरोबर ऊन आणि गोचीड दोन्ही कमी सोसणारं अंग आलं. मग लगेच "देशीच ठेवा, देशीला काही होत नाही" म्हणणारेही भेटतात. खिलार गोचीड ताप पुष्कळ सोसते, खरं आहे. पण २०२२ च्या लंपीत याच लोकांचे खिलार बैल गाठींनी भरले होते.

हे फक्त गोठ्यातलं नाही. मे २०१५ मध्ये कझाकस्तानच्या गवताळ माळावर सायगा जातीचे कुरंग तीन आठवड्यांत दोन लाखांवर मेले, जगातल्या एकूण सायगांच्या निम्म्याहून जास्त. कारण निघालं पाश्चुरेला, म्हणजे आपल्याकडे गुरांना घटसर्प हा जीवघेणा रोग करणारा जीवाणू. तो त्यांच्या अंगात आधीपासून गुपचूप राहत होता. त्या दिवसांतली नेहमीपेक्षा जास्त उष्ण आणि दमट हवा आणि तो, दोघांनी मिळून कळपच्या कळप आडवे केले. आपल्या गाईम्हशींच्या घशातही तो असाच राहतो, आणि आपल्याकडे मेअखेरीस हवा तशीच होते.

आबांच्या गाईला बुपार्व्हाक्वोन या थायलेरियावरच्या औषधाचं इंजेक्शन दिलं. महाग आहे, म्हणून आबा कुरकुरले. मी म्हटलं, औषध जंतू मारेल, पत्रा कोण थंड करणार? त्यांनी मुलाला वर चढवून पत्र्यावर उसाचं पाचट टाकलं, गाईला कडुनिंबाखाली बांधलं, अंगावर पाणी आणि पंखा चालू ठेवला. गाय उठली, दूध मात्र त्या वेतात पहिल्यासारखं आलं नाही. भिंतीच्या फटी बुजवा, चुना मारा, हे मी तीनदा सांगितलंय. आबांचं म्हणणं, दिवाळीला मारू. दिवाळीपर्यंत गोचीड थांबणार नाहीत, म्हणून येत्या रविवारी मीच चुन्याची पिशवी घेऊन जाणार आहे. घटसर्पाची लसही त्याच फेरीत.