वितळलेला पट्टा

पटिंग ग्रीनवर, म्हणजे गोल्फचा चेंडू हलकेच मारून भोकात घालायच्या कृत्रिम हिरवळीवर, चेंडू भलतीकडे जायला लागला की दोष बहुतेक वेळा खालच्या थरात सापडतो. म्हणून एका घराच्या परसात मी तीन मीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणि लेव्हल घेऊनच उतरलो. तक्रार अशी होती, की डावीकडून मारलेला चेंडू कपाजवळ, म्हणजे भोकाजवळ, आल्यावर हळू व्हायच्या ऐवजी घसरतो आणि पुढे निघून जातो. आधीच्या कंत्राटदाराने तेवढा तुकडा बदलून दिला होता. नवा तुकडाही वर्षभरात तसाच झाला. “अहो, मालच हलका आहे, सगळा उचकटून टाका,” मालक म्हणाले.

पट्टी ठेवून पाहिली, तर त्या जागी उतार बदललेला नव्हता. मग गुडघे टेकून जवळून पाहिलं. वीतभर रुंदीचा, किंचित कमानीसारखा पट्टा ग्रीनच्या कडेपासून कपापर्यंत आला होता. लव, म्हणजे हिरवळीचे प्लास्टिकचे उभे तंतू, आडवी पडून चमकत होती आणि बोट फिरवलं तर खरखर लागत होती. कटरने काही तंतू कापून उन्हात धरले. पायांखाली झिजलेला तंतू चपटा होतो आणि टोकाला चिरतो. या तंतूंच्या टोकांना मात्र बारीक कडक मणी झाले होते. म्हणजे हिरवळ झिजलेली नव्हती, वितळली होती. कडेच्या लांब लवेच्या हिरवळीत तर त्याच रेषेत तंतू एकमेकांना चिकटून गोळा झाले होते.

कारण दुपारी डोळ्यांदेखत सापडलं. ऊन कललं तसा वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून परावर्तित झालेला उन्हाचा प्रखर पट्टा ग्रीनवर पडला आणि डागाच्याच वाटेने सरकू लागला. खिडकी दुहेरी काचेची, उष्णता परतवणारा लो-ई थर असलेली. अशा दोन काचांमध्ये वायू बंदिस्त असतो. थंडी पडली किंवा बाहेरच्या हवेचा दाब वाढला की काचा आत ओढल्या जातात, आणि बाहेरची काच अंतर्वक्र आरशासारखं ऊन एकवटते. सूर्य सरकतो तसा हा झोत सरकतो, म्हणून डाग कमानीचा. पॉलिथिलीन 110 ते 135 अंश सेल्सिअसला वितळतं, पॉलिप्रॉपिलीन 160 च्या आसपास, नायलॉन 6 सुमारे 220 ला. मऊ पडायला त्याहून बरंच कमी तापमान पुरतं. इथली कड पॉलिथिलीनची आणि ग्रीन पॉलिप्रॉपिलीनचं होतं, म्हणून कड जास्त बिघडली. नायलॉन अधिक तग धरतं, पण झोत तसाच ठेवून नायलॉन टाकणं हा उपाय नव्हे.

मालकांना आतून पडदा लावायचा होता. त्याचा उपयोग नाही, कारण ऊन परततं ते काचेवरूनच. आतून लावलेली चकचकीत फिल्म तर परावर्तन वाढवू शकते. अडवायचं ते बाहेरून. खिडकीवर बाहेरून दाट जाळी धरली आणि जमिनीवरचा झोत विरला. जाळीची चौकट पक्की बसल्यावरच ग्रीनला हात लावला.

फक्त पट्टा कापून ठिगळ लावलं असतं, तर सांधा कपाच्या तोंडाशी आला असता, आणि पटिंगच्या आखूड लवेत सांधा चेंडूला कळतोच. म्हणून सगळी हिरवळ काढली. खाली गोल गोटे निघाले. गोटे एकमेकांत अडकत नाहीत, कितीही दबाई केली तरी चालताना सरकतात. ते काढून 10 सेंटिमीटर खोदलं, जिओटेक्स्टाइल (माती आणि खडी वेगळी ठेवणारं कापड) अंथरलं, त्यावर 20 मिलिमीटरपासून भुकटीपर्यंतची मिश्र खडी 7 सेंटिमीटर, दोन थरांत, प्रत्येक थर ओलसर करून प्लेट कॉम्पॅक्टरने दाबला. वर अडीच सेंटिमीटर दगडाची भुकटी. तीन मीटरच्या पट्टीखाली 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फट राहू दिली नाही. पाणी निघायला 1 ते 2 टक्के उतार पुरतो. कपाभोवती मीटरभर 2 टक्क्यांच्या वर जाऊ नये, नाहीतर वेगवान ग्रीनवर कप चुकलेला चेंडू थांबत नाही.

कप 108 मिलिमीटर व्यासाचा. त्याच्या खाली खडीचा खड्डा केला, नाहीतर पावसाचं पाणी कपातच साचतं. कपाची कड भुकटीच्या पातळीला धरून काँक्रीटमध्ये बसवली. हिरवळ पसरून दोन-तीन तास उन्हात सैल होऊ दिली, मग ताणली. कपावर आधी मधोमध लहान भोक पाडलं आणि आतून थोडं थोडं कापत कडेपर्यंत आलो. इथे घाई करू नये, जास्त कापलेलं परत जोडता येत नाही. 15 सेंटिमीटरचे गॅल्वनाइज्ड खिळे फक्त कडेला, 10 ते 15 सेंटिमीटरवर एक. जुन्या कामात मधेही खिळे होते आणि प्रत्येकाभोवती वाटीसारखा खळगा पडला होता.

उरलं ते लवेत वाळू भरायचं काम, आणि ग्रीनचा वेग तिथेच ठरतो. गोल कणांची, बारीक, पूर्ण कोरडी सिलिका वाळू पातळ थरांत टाकायची आणि दर थराला लवेच्या उलट दिशेने पॉवर ब्रश फिरवायचा. हिरवळ दमट असेल तर काम थांबवावं. एकदम जाड थर पडला किंवा तंतू ओले असले, की लव वाकलेलीच गाडली जाते आणि नंतर काढता येत नाही. टोकं दीड-दोन मिलिमीटर उरली तेव्हा रोलर फिरवला.

मग ग्रीनचा वेग मोजणारा स्टिंपमीटर लावला. 36 इंची पट्टीच्या खोबणीत चेंडू ठेवून टोक हळूहळू उचलायचं. सुमारे 20 अंशांना चेंडू सुटतो, तो किती फूट गेला ते मोजायचं. दोन्ही दिशांनी मोजून सरासरी घेतली, सुमारे 10 फूट आली. जुन्या डागाच्या रेषेवरून मारलेले चेंडू बाकीच्यांसारखेच हळू होत कपाशी आले.

जाताना मालकांना एकच गोष्ट बजावली: काच पुसायला जाळी काढलीत तर त्याच दिवशी परत लावा. थंड, निरभ्र दिवशी, सूर्य खाली असताना, थोडा वेळही नवी लव आडवी पाडायला पुरतो.