ट्रिंकोमालीचे दोर आणि बडोद्याची हवा

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, हार्टलपूलच्या गोदीत, एक मुंबईकर जहाज पाण्यात उभं आहे. एचएमएस ट्रिंकोमाली. जमशेटजी बोमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत ते मलबारी सागात बांधलं आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरवलं. इथे येणारी मंडळी तोफांपाशी घोटाळतात. जहाजाचं मॉडेल करणाऱ्याने मात्र मान वर करून डोलकाठ्यांचे दोर बघावेत.

बडोद्याहून मॉडेल करणाऱ्यांची विचारणा होते ती बहुधा दोनच गोष्टींची: उत्तरायणातल्या पतंगाची उरलेली दोरी चालेल का, आणि दोर बांधून झाल्यावर डोलकाठी वाकडी का होते?

दोरीचं आधी. मांजा मुळीच नको. त्यावरची काच ब्लॉकचं, म्हणजे इवल्या कप्पीचं, भोक खाते आणि बोटंही. काच न लावलेली सहा तार किंवा नऊ तार सुती दोरी गाठींचा सराव करायला छान, पण मॉडेलवर नको. तिच्यावर लव असते. १:६४ च्या मॉडेलवर अर्ध्या मिलिमीटरचा तंतू म्हणजे खऱ्या जहाजाच्या दोरावर ३२ मिलिमीटरचा केस! शिवाय सूत हवेबरोबर बदलतं. श्रावणात ओल धरून फुगतं आणि पिळामुळे आखडतं, मे महिन्यात पुन्हा सैल पडतं. बडोद्यात हे दोन्ही ऋतू कडक, त्यामुळे दिवाळीत ताठ दिसलेले दोर पुढच्या उन्हाळ्यात झोल खातात. पॉलिएस्टरचा शिवणदोरा घ्या. नायलॉन ताणतो, तो टाळा. जाड दोर हवा तर तीन पदर एका दिशेने पिळून मग एकत्र उलट दिशेने पिळायचे. दिशा उलट नसेल तर हातातून सुटताच सगळं उकलतं.

जाडी अंदाजाने ठरवू नका. जुन्या कोष्टकांत दोराचं माप व्यासाचं नसून परिघाचं असतं, आणि इथेच बरेच जण फसतात. समजा श्राउड, म्हणजे काठीला दोन्ही बाजूंनी आधार देणारा दोर, १० इंची लिहिलाय. १० इंच म्हणजे २५४ मिलिमीटर. त्याला ३.१४ ने भागलं की व्यास सुमारे ८१, त्याला ६४ ने भागलं की सव्वा मिलिमीटर. परीघच व्यास समजलात तर दोर चार मिलिमीटरचा होईल, आणि जहाजावर नाडे बांधल्यासारखे दिसतील. श्राउडवर आडव्या बांधलेल्या शिडीच्या पायऱ्यांची दोरी, रॅटलाइन, दीड इंची असेल तर याच हिशोबाने ०.२ मिलिमीटरच्या आतबाहेर. कायम जागी असणारे दोर डांबर लावलेले, म्हणून गडद तपकिरी किंवा काळपट. शिडं हलवणारे दोर फिकट.

काठी उभी करण्याआधी तिच्यावरचे आणि यार्डवरचे, म्हणजे शिडाच्या आडव्या काठीवरचे, सगळे ब्लॉक बांधून घ्या. नंतर तिथे बोट तर सोडाच, चिमटाही जात नाही. ब्लॉकचं भोक एका टोकाकडे असेल तर ते बांधलेल्या टोकाकडे यायला हवं, कारण टांगलेल्या कप्पीत दोर चाकाच्या वरून जातो. उलटा लागलेला ब्लॉक जाणकाराला लगेच खटकतो.

आता वाकड्या काठीचं. काठी खाचेत बसवा, पण चिकटवू नका. श्राउड जोडीने येतात: एक दोर मधोमध दुमडायचा, दुमड काठीच्या माथ्यावरून घालायची, काठीलगत बारीक दोऱ्याने आवळायची आणि दोन्ही टोकं खाली दोन डेडआयना, म्हणजे तीन भोकांच्या लाकडी चकत्यांना, न्यायची. पहिली जोडी उजवीकडे सर्वांत पुढची, दुसरी डावीकडे सर्वांत पुढची, मग पुन्हा उजवीकडे. उजवी बाजू पूर्ण करून डावीकडे वळलात तर काठी आधीच कललेली असते आणि डावीकडून ओढून ती कमानीसारखी होते. स्टे, म्हणजे काठीला पुढून धरणारा दोर, श्राउडच्या नंतर, त्यांच्या दुमडींवर बसतो.

वरच्या आणि खालच्या डेडआयमधलं अंतर सगळीकडे सारखं हवं. पेपरक्लिपची तार इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवा. एक टोक खालच्या डेडआयच्या भोकात, दुसरं वरच्याच्या भोकात घाला आणि मगच श्राउड आवळा. ५ मिलिमीटरच्या डेडआयला १२ ते १५ मिलिमीटरचं अंतर पुरे. दोन डेडआयच्या भोकांतून ओवलेल्या दोरीची शेवटची गाठ स्टे लागेपर्यंत सुटी ठेवा. मग दोन्हीकडे थोडं थोडं ओढत जा. नवा दोर ओढल्यावर शेजारचा सैल पडला तर नवा जास्त ओढला गेलाय. शेजारचा ताणत बसू नका, नवा सोडा. मॉडेलच्या दोराला सरळ दिसण्यापुरता ताण पुरतो, काही पेलायचं नसतं. जोर बहुधा हौसेपोटी लागतो.

रॅटलाइन हा चिकाटीचा भाग. जाड कागदावर ५ ते ६ मिलिमीटरवर रेघा मारून तो श्राउडमागे लावा. आतल्या प्रत्येक श्राउडला क्लोव्ह हिच, म्हणजे दोन वेढ्यांची गाठ, कडेच्या दोन श्राउडना बारीक फास. एका टोकाकडून सुरुवात करून ओढत गेलात तर श्राउड आत खेचले जातात आणि शिडीचा डमरू होतो. मधल्या श्राउडपासून बाहेर जा. आधी दर पाचवी पायरी बांधा, मग मधल्या भरा. दर काही ओळींनी समोरून पाहा. श्राउड जरा जरी वळला असेल तर ती ओळ कापून टाका, पुढच्या ओळी चूक वाढवतात.

गाठींना अर्धं पाणी घातलेला फेविकॉल सुईच्या टोकाने लावा. सुपरग्लू नको. दोरा काचेसारखा कडक होऊन गाठीपाशीच तुटतो, आणि आसपास पांढरी बुरशी धरल्यासारखं दिसतं.

हलत्या दोरांत आतले आधी, बाहेरचे नंतर, एवढं पाळलं की पुरे. कठड्याच्या खुंट्यांवरची वेटोळी मात्र वेगळी करून आणा. पुठ्ठ्यात दोन टाचण्या टोचून दोर सहा-सात वेढे गुंडाळा, पातळ फेविकॉल लावा, आणि ओलं असतानाच खालचा भाग बोटाने दाबून चपटा, लोंबता करा. तसं न केल्यास वेटोळं खुंटीवर फुगलेल्या जिलबीसारखं उभं राहतं.