मूठ कशाची?

चाकू घ्यायचा ठरवलेला माणूस सगळ्यात आधी पात्याच्या मागे लागतो. स्टील कुठलं, गंजेल का, धार किती टिकेल, असले व्हिडिओ बघत रात्रीचा एक वाजवतो. मीही तेच केलं. पण जरा विचार करा, पातं लागतं आंब्याला, पेरूला, नाहीतर पार्सलच्या चिकटपट्टीला. आपल्या हाताला लागते ती फक्त मूठ, आणि नेमकी ती निवडताना आपण "काळी आहे का लाल?" एवढं विचारून मोकळे होतो.

मला खिशात मावणारा घडीचा चाकू हवा होता. घरी अर्थातच "कशाला?" झालं. दोन विळ्या, सुऱ्यांचं अख्खं खानदान, वर एक जुना अडकित्ता असताना आणखी एक चाकू, तोही घडीचा, म्हणजे आईच्या मते मी एकतर गुंड होणार नाहीतर पैसे उडवणार. त्यात ती "हातात देऊ नकोस, खाली ठेव, भांडणं होतात"वाली. तिला म्हटलं, अगं साधा घेतोय, प्लास्टिकच्या मुठीचा. तर म्हणे, "मग तर नकोच. प्लास्टिकचं काय टिकतं?"

आता यावर भांडायचं तर थोडा अभ्यास हवा ना, म्हणून मग पातं सोडून मुठीच्या मागे लागलो, आणि खरं सांगतो, जास्त मजा तिथेच निघाली.

पूर्वी चांगल्या चाकूची मूठ म्हणजे शिंग, हाड, लाकूड, आणि पैसेवाल्यांसाठी हस्तिदंत किंवा शिंपला. इंग्लंडमधलं शेफिल्ड आणि जर्मनीतलं झोलिंगेन ही चाकूवाल्यांची दोन मोठी गावं, आणि तिथले कारागीर ज्या शिंगावर जीव टाकायचे ते होतं आपल्याकडच्या सांबराचं. बाकीच्या हरणांची शिंगं आतून भुसभुशीत, सांबराचं भरीव. दरवर्षी गळून पडतं, जंगलातून गोळा करायचं आणि बोटीनं पाठवायचं. म्हणजे इकडे आपली आजी सांबरशिंग सहाणेवर उगाळून दुखऱ्या गुडघ्याला लावतेय, आणि तिकडे कुणीतरी साहेब त्याच शिंगाची मूठ धरून चीज कापतोय. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि गेल्या शतकाच्या अखेरीस शिंगांची निर्यातही बंद झाली. बरंच झालं. चाकूवाले हळहळले असतील, सांबरं नक्कीच नाहीत.

पण नकली मुठीची गोष्ट याच्या खूप आधी सुरू झालेली. १८७० च्या आसपास अमेरिकेत जॉन वेस्ली हयात नावाच्या माणसानं सेल्युलॉइड नावाचं सुरुवातीचं प्लास्टिक बनवलं, मूळ हेतू काय तर बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताशिवाय करता यावेत. चाकूवाल्यांना तर घबाडच मिळालं. पाहिजे तो रंग, पाहिजे ती नक्षी, कासवाच्या पाठीची नक्कल करा, मोत्याच्या शिंपल्याची करा, नाहीतर सगळं एकत्र करून जत्रेतल्या बांगड्यांचे रंग आणा. फक्त दोन भानगडी होत्या. एक, ते पेटायचं, आणि नुसतं पेटायचं नाही तर भपकन पेटायचं. (टेबल टेनिसचे चेंडू याच सेल्युलॉइडचे असायचे, मोठ्या स्पर्धांमध्ये २०१४ पासून ते बदलले.) दुसरी भानगड मला फारच आवडली. जुनं होत गेलं की सेल्युलॉइड आतल्या आत सडायला लागतं, त्यातून आम्लाच्या वाफा निघतात आणि शेजारचं पातं गंजतं. म्हणजे मूठच पात्याला खाते. जुने चाकू जमवणारे लोक म्हणूनच सेल्युलॉइडवाले चाकू बाकीच्यांपासून लांब ठेवतात, एक बिघडला की शेजारच्यांनाही घेऊन जातो.

त्यानंतर १९०७ मध्ये बेकेलाइट हे टणक प्लास्टिक, आणि त्याच रेझिनमध्ये (म्हणजे तापवल्यावर कडक होणाऱ्या चिकट द्रवात) कापडाचे नाहीतर कागदाचे थर भिजवून, दाबून, तापवून केलेलं मायकार्टा १९१० मध्ये आलं. वेस्टिंगहाउस कंपनीनं ते काढलं विजेच्या कामासाठी, इन्सुलेशन म्हणून. मुठीचं काम त्याला नंतर लागलं. मायकार्टा हातात घेतलं की पटकन लक्षात येतं की हे थरांचं आहे, गोधडीसारखं, आणि गोधडीसारखंच ते वापरून वापरून काळवंडतं आणि हाताला सवयीचं होतं. घामाचा, तेलाचा रंग धरतं. त्याची किंमत बघून मी हात जोडले तो भाग वेगळा.

मग ड्यूपॉन्ट कंपनीचं डेलरिन नावाचं प्लास्टिक, १९६० पासून बाजारात. हे टणक, गुळगुळीत, सहसा न तुटणारं. मुठीसाठी एक नंबर. आणि याचं लोकांनी काय करावं? तर त्यावर हाडासारख्या खाचा पाडल्या, तपकिरी रंग दिला आणि हाडाची मूठ म्हणून मिरवायला लावलं. मला हे बघवत नाही. अरे तू हाडापेक्षा मजबूत आहेस, पाणी पीत नाहीस, तडकत नाहीस, आणि तरी सोंग कसलं घेतोस तर हाडाचं! आपल्याकडच्या लग्नाच्या हॉलमधले थर्माकोलचे खांब आठवतात, दगडी दिसावेत म्हणून करड्या रंगाचे फराटे मारलेले. आईला प्लास्टिकचा राग आहे तो मला वाटतं प्लास्टिकचा नाहीच, या सोंगाचा आहे. सोनेरी मुलामा उडाला की खालून पांढरं निघतं, त्याचा आहे.

म्हणून मी स्वतःपुरता नियम केला की मूठ कृत्रिम असू दे, पण तिनं तसं दिसावं. लाकडाच्या रेषा छापलेलं प्लास्टिक बाद, हाडाचं सोंग बाद.

असा नियम केल्यावर तीन गडी उरले. पहिला, काचेचे बारीक तंतू मिसळलेलं नायलॉन. वितळलेलं नायलॉन साच्यात दाबून भरतात, मुठीवरची खरखर, खळगे, बोटांची जागा सगळं साच्यातच येतं, म्हणून स्वस्त पडतं. हलकं इतकं की खिशात चाकू आहे की नाही ते चाचपून बघावं लागतं. स्पायडर्को कंपनीनं १९९० मध्ये डेलिका नावाचा चाकू या असल्या मुठीचा काढला, सुरुवातीला तर खिशाला अडकवायची क्लिपसुद्धा त्याच प्लास्टिकची होती. लोक तेव्हा हसले असणार, आज अर्धी दुनिया तेच वापरते. दिसायला मात्र सत्तर रुपयांच्या टॉर्चची मूठ, हे मान्य करायला हवं.

दुसरा जी-टेन. काचेच्या कापडाचे थर इपॉक्सी नावाच्या रेझिनमध्ये भिजवून, उष्णता देऊन दाबलेले. टीव्हीच्या आत जो हिरवा सर्किट बोर्ड दिसतो ना, तो याचाच भाऊबंद. पाणी नाही, घाम नाही, तेल नाही, कशाचा परिणाम नाही. पण एकेक मूठ मशीनवर कोरावी लागते म्हणून महाग, आणि खरखर इतकी की पँटच्या खिशाचं अस्तर खाते. दोरखंड कापणाऱ्यांना, जंगलात हिंडणाऱ्यांना ठीक. चिकू कापायला जी-टेन म्हणजे जरा जास्तच होतं बुवा.

तिसरा म्हणजे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा, तो लाल चकचकीत स्विस चाकू. कार्ल एल्सनरनं १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाखला धंदा सुरू केला, १८९१ मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू दिले. त्या पहिल्या चाकूंची मूठ काळपट लाकडाची होती, पुढे फायबरची आली. आता ज्याला आपण लाल प्लास्टिक म्हणतो त्याचं नाव सेलिडॉर, आणि ते निघतं सेल्युलोजपासून, म्हणजे मूळ झाडाचंच. नवा चाकू उघडून नाकाशी धरला तर किंचित आंबूस वास येतो, तो त्यातल्या रसायनाचा. मी दुकानात वास घेतला तेव्हा शेजारचा गिऱ्हाईक दोन पावलं बाजूला सरकला.

आता यातलं काय घ्यावं, हे ठरवायला माझ्याकडे दोन परीक्षा आहेत, पहिली म्हणजे जून ते सप्टेंबर. परदेशातले लोक मूठ निवडताना थंडीचा विचार करतात, धातूची मूठ हिवाळ्यात बोटं गारठवते वगैरे. आपल्याला काय त्याचं! आपला शत्रू दमटपणा. माझ्या एका ट्रेकवाल्या मित्राकडे ओपिनेल आहे, फ्रान्सच्या सावोआ भागातला, बीच लाकडाच्या मुठीचा, काय देखणा चाकू आहे. उन्हाळ्यात झकास. पावसात हरिश्चंद्रगडावर नेला, लाकूड फुगलं आणि पातं आत असं रुतून बसलं की उघडायचं नाव नाही. याच्यावर तिकडच्या लोकांची युक्ती आहे, मुठीचं बूड टेबलावर ठोकायचं म्हणजे पातं जरासं बाहेर येतं. कोकणकड्यावर टेबल कुठून आणणार, बुटावर ठोकत बसला होता. गंमत म्हणजे ओपिनेलनं स्वतःच आता नायलॉनच्या मुठीचे चाकूपण काढलेत, वर मुठीत शिट्टी. पण मित्राला ते दाखवलं तर तोंड वाकडं करतो, "त्यात जान नाही." नसेल बाबा, पण उघडतं तरी.

दुसरी परीक्षा म्हणजे चीक. आंब्याचा, कच्च्या पपईचा. फणसाचं बोलतच नाही, फणसाला घडीचा चाकू लावू नये, चीक सांध्यात गेला की संपलं, त्याला कोयता आणि हाताला खोबरेल हेच खरं. पण बाकी ठिकाणी लाकडाच्या मुठीला तेल आणि चीक लागला की तो आत मुरतो, वास धरतो, पावसाळ्यात तिच्यावर बुरशी येते. नायलॉन काय किंवा सेलिडॉर काय, भांडी घासायच्या साबणानं धुतलं, सांध्यात तेलाचा थेंब टाकला, झालं. फक्त सेलिडॉर ओलं झालं की निसटतं, आंब्याच्या रसानं माखलेल्या हातात तर साबणच. आणि डीट नावाचं रसायन असलेलं डास पळवायचं क्रीम हाताला लावलं असेल तर जरा जपून, ते बऱ्याच प्लास्टिकची चकाकी खातं. नायलॉनला ते काही करत नाही.

दुकानं हिंडलो. पुण्यात बोहरी आळीत एका दुकानदार काकांनी आधी विचारलं, "भाजीला पायजे का फळाला?" म्हटलं खिशाला. मग त्यांनी अकरा कामं करणारा एक लालभडक चाकू काढला, "साहेब, अनब्रेकेबल मूठ आहे," म्हणून काउंटरवर दोनदा दणकन आपटला. मूठ खरंच तुटली नाही. आतली कात्री तेवढी निखळून वजनकाट्याच्या मागे गेली. काका शांतपणे म्हणाले, "कात्री कोण वापरतं?"

कायद्याची भीती आईला होती म्हणून तेही बघून ठेवलं. शस्त्र नियमांत चाकूचं पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असलं तर प्रश्न येतो, घरकाम-शेतीची हत्यारं सोडून. माझा तर निम्म्या वाटेलाही पोचत नाही. अर्थात मॉलच्या दारावरच्या सिक्युरिटीवाल्याला हे सांगण्यात अर्थ नाही, आणि विमानात तर चेक-इनच्या बॅगेत टाकायचा, हातातल्या पिशवीत राहिला की गेला.

शेवटी स्विसच घेतला, सेलिडॉरचा. निसटतं हे माहीत असून. कारण माझी कामं काय, तर कुरिअरचा खोका, दुधाची पिशवी, ऑफिसातला पेरू, शर्टाचा लोंबणारा दोरा. त्याला साठ ग्रॅमचा चाकू पुरतो. आणि याची मूठ म्हणजे दोन्ही बाजूंनी नुसत्या दाबून बसवलेल्या दोन पट्ट्या असतात, खराब झाल्या तर काढून नव्या बसवता येतात, सुट्या मिळतात. हाडाची मूठ तडकली की कारागीर शोधा.

रंगावर मात्र अडलो. लाल बर्फात चटकन दिसतो म्हणतात, असेल. पण आमचं गाव कोकणात, जांभ्या दगडाचं, तिथल्या मातीवर लाल चाकू पडला तर पुढच्या पावसापर्यंत सापडायचा नाही. काळा तर अंधारात काय, उजेडातही गेला. हिरवा श्रावणात बाद. म्हणून निळा घेतला, कारण निसर्गात निळं असं पायाशी फारसं काही पडलेलं नसतं. दुकानदाराला हे सगळं समजावून सांगितलं तर तो म्हणाला, "निळ्याला शंभर जास्त पडतील."

कॉर्कस्क्रूसुद्धा आलाय त्यात. घरात वाईन कुणी पीत नाही, पण पायजम्याच्या नाडीची निरगाठ त्यानं अशी सुटते की बस. आई आता ते काम पडलं की हाक मारते. हातात घेत नाही अजून, टेबलावर ठेवायला लावते, मग उचलते. मुठीतली टूथपिक तेवढी पहिल्याच आठवड्यात गायब झाली, ती पण सुटी मिळते म्हणे, बघतो.