आमची वाटचाल: खारीपासून खारीपर्यंत

सांगलीच्या गावभागात आप्पांनी १९८४ साली बेकरी काढली तेव्हा माल तीनच प्रकारचा: पाव, टोस्ट आणि खारी. लाकडाची भट्टी, एक उस्ताद, हाताखाली दोन पोरं. शाळा सुटली की मी भट्टीतले पत्रे पुसायला बसायचो. दप्तराला खारीचा वास यायचा, त्यावरून वर्गात चिडवाचिडवी चालायची.

बारावीनंतर पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट केलं आणि मुंबईतल्या एका पंचतारांकित हॉटेलात पेस्ट्री विभागात लागलो. तिथं नऊ वर्षं काढली. पहिली दोन वर्षं अंडी फोडण्यात आणि भांडी घासण्यात गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरं शिकलो ते लोण्याच्या घड्या. क्रोसाँला तीनपदरी घडी तीनदा घालायची, म्हणजे लोण्याचे २७ थर होतात. पफ पेस्ट्रीला तीच घडी सहा वेळा, म्हणजे ७२९. लोणी फार गार असलं तर लाटताना त्याचे तुकडे पडतात, मऊ झालं तर पिठात जिरतं आणि थरांचा पत्ताच राहत नाही. मधल्या त्या चार-पाच अंशांवर आमची नोकरी टिकून असायची.

२०११ ला परत आलो. केकचं नाव काढलं की आप्पा म्हणायचे, "वाढदिवस काय रोज असतोय काय कुणाचा?" दोन वर्षांत निम्मा गल्ला केकचा झाला, मग गप्प बसले. नाताळच्या केकमध्ये तासगावचा बेदाणा घालायचा ठरवला, पण रममध्ये भिजवायला त्यांनी साफ नकार दिला. म्हणून तो आजही संत्र्याच्या रसात भिजतो. गिऱ्हाइकांची तक्रार नाही.

मग ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी कृष्णा ५७ च्या वर गेली. पाणी उतरल्यावर शटर उचललं तर मैद्याची पोती फुगून फुटलेली. इलेक्ट्रिक ओव्हन कर्जावर घेतलेला, जेमतेम चार हप्ते फिटलेले. दार उघडलं तर ट्रेमध्ये गाळ बसलेला, कडेपर्यंत भरलेला आणि वरून गुळगुळीत, जणू कुणी केकचं पीठ ओतून ठेवलंय. विम्याचं काय झालं ते इथं लिहीत नाही, नाहीतर लेख त्यातच संपेल. आप्पांची जुनी भट्टी मात्र विटांची. आठवडाभर सुकू दिली, हळूहळू तापवली आणि पेटली. पुढचे तीन महिने घर खारीवर चाललं.

२०२२ मध्ये एका मराठी वाहिनीच्या केक स्पर्धेसाठी परीक्षक म्हणून बोलावणं आलं. हॉटेलातल्या जुन्या साहेबांनी माझं नाव सुचवलं होतं. बाहेरून वाटतं, काय मजा आहे, बसून केक खायचे! एका दिवसात चौदा केक चाखून बघा. दर घासानंतर कोमट पाणी प्यायचं आणि कोरडा पाव चघळायचा. खरी चव आम्ही आधीच घेतलेली असायची, कॅमेऱ्यापुढचा घास दाखवण्यापुरता. तोवर दिव्यांच्या उष्णतेनं क्रीम ढासळलेलं असायचं. मी आधी केकचा तळ बघायचो, मग कापलेली बाजू. वरची फुलं सगळ्यात शेवटी.

एके दिवशी एका मुलीनं खारी केली. फुलली होती छान. मी घास घेतला आणि ऐटीत म्हणालो, "टाळूला चिकटतंय. लोणी वापरलेलं नाही." ती म्हणाली, "सर, मी मिरजेची. तुमच्या दुकानातली खारी पण अशीच लागते."

ते प्रसारणात कापलं. पण सेटवरच्या सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि ती खोटं बोलली नव्हती. लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं, तोंडात गेलं की नाहीसं होतं. आमच्या खारीत असायचं ते बेकरीचं वनस्पती तूप त्याहून जास्त उष्णतेला वितळतं, म्हणून टाळूवर त्याचा थर राहतो. चाळीस अंशांच्या एप्रिलमध्ये सांगलीत ते परवडतं, कारण लाटताना पाझरत नाही. सरकारनं त्याच वर्षी जानेवारीपासून तेला-तुपातलं ट्रान्स फॅट, म्हणजे हृदयाला घातक चरबी, दोन टक्क्यांवर आणलं, तेव्हा वनस्पतीही बदललं. चिकटणं काही गेलं नाही.

मग लोण्याची खारी करायची म्हणून एसीची एक छोटी खोली केली. उस्ताद रात्री दोनला येऊन घड्या घालू लागले. खारीचा भाव दुपटीच्या वर गेला. "टीव्हीवर गेला म्हणून महाग केली," हे मी महिनाभर ऐकलं. रोज येणारे एक काका तर म्हणाले, "चहात बुडवली की हातात राहतच नाही, हिला काय करायचं?"

आता काचेच्या कपाटात दोन पत्रे असतात. एकावर 'लोण्याची', दुसऱ्यावर 'वनस्पतीची' असं लिहिलंय. 'बटरची' लिहिता येत नाही, आमच्याकडे बटर म्हटलं की लोक चहात बुडवायचं गोल बटर मागतात. खप अजून वनस्पतीचीच जास्त. आप्पाही सकाळी चहाबरोबर तीच घेतात. मागच्या महिन्यात मात्र पाहुणे आले तेव्हा त्यांनी लोण्याचा पत्रा पुढं केला. कुणीतरी भाव विचारला, तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "त्ये शेफला इचारा."