कूकरमधल्या रिब्ज, आणि इथल्या लोकांची तोंडं

ऑफिसच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून काहीतरी करून आणायच्या जेवणाला, पोर्क रिब्ज (डुकराच्या बरगड्या) करून नेल्या होत्या. ट्रे सगळ्यात आधी रिकामा झाला, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. तर एका कलीगने बोटं पुसत पुसत विचारलं, किती तास स्मोक केल्यास, म्हणजे लाकडाच्या धुरात शिजवल्यास? मी म्हटलं, स्मोक नाही, प्रेशर कूकर. माणूस गप्पच झाला. मग एकदम समजूत घातल्यासारखं, "ओह, इंटरेस्टिंग." हे 'इंटरेस्टिंग', म्हणजे सभ्य शब्दांत नापसंती, ज्यांनी इथे अमेरिकेत राहून ऐकलंय त्यांना कळेल.

तेव्हापासून डोक्यात बसलंय ते, म्हणून हा लेख.

अमेरिकेत रिब्ज म्हणजे श्रद्धेचा विषय आहे. मागच्या अंगणात स्मोकर, हिकरीचं नाहीतर सफरचंदाचं लाकूड, १०७ डिग्री सेल्सियसच्या आसपास धग, आणि तिथे खुर्ची टाकून पाच-सहा तास बसायचं. मला त्याचं कौतुक खरंच आहे, एवढा वेळ एका पदार्थाला देणं सोपं नाही, आणि धुराची ती चव, वरची ती काळपट खरपूस साल, कापल्यावर कडेने दिसणारी गुलाबी रिंग, यातलं काहीही कूकरमध्ये होत नाही, झालं असं मी म्हणणारही नाही. पण मी राहते अपार्टमेंटमध्ये. बाल्कनीत कोळशाची ग्रिल लावायची नाही असं लीजमध्येच लिहिलंय, आणि आगीचा विचार केला तर नियम बरोबरच आहे. मग मी काय करायचं, अंगण विकत घेईपर्यंत रिब्ज खायच्याच नाहीत?

आणि गंमत सांगू का? इथे सगळ्यात लाडकी पद्धत आहे ३-२-१. म्हणजे तीन तास उघड्या धुरात, दोन तास फॉइलमध्ये गच्च गुंडाळून, आत थोडा सफरचंदाचा ज्यूस वगैरे घालून, आणि शेवटचा एक तास सॉस लावून परत उघडं. आता ते मधले दोन तास काय चाललेलं असतं? बंद पाकीट, आत ओल, बाहेरून उष्णता. वाफच की! स्वतः वाफवायचं त्याला नाव द्यायचं 'रॅप', आणि मी वाफवलं की चीटिंग. ते गुंडाळण्यामागे कारणही आहे, मांस ६५-७० डिग्रीला पोचलं की वरचं पाणी उडून उडून ते स्वतःलाच गार ठेवतं आणि थर्मामीटरचा काटा तासन् तास हलत नाही, फॉइलने ते बाष्पीभवन थांबतं. कूकरमध्ये हा प्रश्नच येत नाही एवढंच.

मऊपणा येतो कुठून ते एकदा समजून घेतलं की हा वादच संपतो. बरगडीभोवतीच्या मांसात कोलॅजन भरपूर असतं, चिवट, रबरासारखं. ते साधारण ७० डिग्रीच्या पुढे हळूहळू विरघळून जिलेटिन व्हायला लागतं आणि ९० च्या वर पटपट. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये पोर्कच्या अखंड तुकड्यांसाठीचं तापमान ७१ वरून ६३ डिग्री आणि वर शिजल्यावर तीन मिनिटं तसंच ठेवायचं असं खाली आणलं, पण ते सुरक्षिततेचं झालं. ६३ डिग्रीच्या रिब्ज खाऊन बघा, जबडा दुखेल. खाण्यालायक व्हायला आत ९० ते ९५ लागतं, आणि तिथे थोडा वेळ टिकायला लागतं. कूकरमध्ये पूर्ण प्रेशरला पाणी १२० डिग्रीच्या आसपास असतं, त्यामुळे तासांचं काम मिनिटांत होतं. बेबी बॅक म्हणजे पाठीच्या बाजूच्या छोट्या, वाकड्या, कमी चरबीच्या, त्यांना २० मिनिटं. स्पेअर रिब्ज पोटाकडच्या, मोठ्या, जास्त चरबीवाल्या (मला याच आवडतात), त्यांना २५ ते ३०. प्रेशर आल्यावर मोजायचं, गॅस बारीक करून. शिट्ट्या मोजत बसू नका, प्रत्येक कूकरची शिट्टी वेगळी.

आणि प्रेशर जबरदस्तीने सोडायचं नाही, आपोआप उतरू द्यायचं. झटक्यात सोडलं की आतलं पाणी मांसातच उकळ्या मारतं, रस बाहेर, धागे कोरडे.

आता मॅरिनेशन. लोकांना वाटतं मऊपणा मॅरिनेशनने येतो, म्हणून व्हिनेगर, लिंबू, अननस असलं सगळं ओतून दोन दोन दिवस ठेवतात. मीठ सोडलं तर बाकी मसाला काही मिलिमीटरच्या पुढे आत जात नाही, आंबट जास्त झालं की वरचा थर पिठूळ होतो आणि आतला चिवट तो चिवटच. माझं साधं आहे: एक किलोला तीन मोठे चमचे सोया सॉस, एक चमचा व्हिनेगर, भरपूर लसूण, आलं, पॅप्रिका, मिरपूड, आणि मीठ अगदी अर्धा छोटा चमचा, कारण सोयातच बरंच आहे. रात्रभर फ्रिजमध्ये. मध किंवा साखर आत्ता नाही.

त्याआधी एक काम मात्र टाळायचं नाही. हाडांच्या बाजूला एक पातळ, चकचकीत पडदा असतो. टोकाच्या हाडावर बटर नाइफ त्याच्या खाली सरकवायची, थोडा उचलायचा, सुटलेलं टोक कोरड्या पेपर टॉवेलने धरायचं (नुसत्या बोटांनी सटकतं) आणि ओढायचं. नशीब चांगलं असेल तर टर्रकन एका पट्टीत निघतो, नाहीतर तुकड्यातुकड्याने. राहिला तर खाताना प्लास्टिक चावल्यासारखं लागतं आणि मसालाही त्या बाजूने लागत नाही.

मग तीन-चार हाडांचे तुकडे करून, कूकरमध्ये तळाला एक कप पाणी, त्यावर जाळी, रिब्ज जाळीवर, पाण्यात बुडवायच्या नाहीत. उरलेलं मॅरिनेड खालच्या पाण्यात. झाल्यावर ते पाणी गाळून, वरची चरबी काढून, मध घालून खळाखळा उकळून घट्ट आटवायचं, हाच ग्लेझ. रिब्ज बेकिंग ट्रेवर, ग्लेझ फासायचा, ओव्हनच्या ग्रिलखाली तीन-चार मिनिटं, परत फासायचा, परत दोन-तीन. इथे फोन हातात घ्यायचा नाही, साखर बघता बघता करपते आणि मग स्मोक अलार्म, शेजारी, सगळंच.

किती मऊ, यावरही इथे भांडण आहेच. कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या स्पर्धांमध्ये मांस हाडावरून आपोआप गळून पडलं तर ते जास्त शिजलेलं धरतात. चावल्यावर तेवढाच घास सुटला पाहिजे आणि दाताची खूण राहिली पाहिजे. हे मला पटतं, बरं का. म्हणूनच वेळ मिनिटात मोजायची. बेबी बॅकला ३५ मिनिटं दिलीत तर चमच्याने खायची वेळ येईल. घरी आवडत असेल तसंच तर खुशाल करा, घरात जज कोण येतोय.

कूकरच्या रिंगचं तेवढं बघा. लसूण आणि चरबीचा वास तिच्यात असा बसतो की पुढच्या वेळी साध्या भातालाही रिब्जचा वास. मी वेगळी रिंगच आणून ठेवलीय, डब्यावर नाव टाकून.